रेजिनाताईचा डावा बूट

एकाहत्तर साल असेल. मुलुंडच्या मैदानावर एका रविवारी भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी स्वतःची वाट लावून घेतली...

तेव्हा आमच्या भागातली स्टार म्हणजे रेजिनाताई. शंभर मीटरची राज्याची चॅम्पियन! रोज सकाळी सहाला आम्हा चाळीतल्या दहा-बारा मुलींना फुकट पळायला शिकवायची आणि मग ऑफिस गाठायची. आमचा तिच्यावर इतका जीव, की तिच्या शिव्याही गोड वाटायच्या.

बाबांनी बजावलं होतं, या रविवारच्या स्पर्धेतून जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर धावणं बंद. मी तेव्हा तेरा वर्षांची.

अनवाणी घसरेन म्हणून ताईने तिचे खिळ्यांचे बूट मला घातले. तिच्याकडे तो एकच जोड, आणि तासाभराने तिचीच फायनल होती. पुढे कागदाचे बोळे कोंबले, नाडी करकचून बांधली.

निम्म्या अंतरावर मी चक्क पहिली होते! आणि डावा बूट निघाला. शहाणी मुलगी तशीच पळाली असती... मी मागे फिरले आणि बूट उचलून छातीशी धरला. मागच्या मुलींनी तुडवला तर ताई काय घालून पळणार, एवढंच डोक्यात.

अर्थात शेवटची आले. ताई धावत आली ती ओरडतच. "बूट गेला खड्ड्यात! तू कशाला थांबलीस गं, येडे?" मग मला जवळ घेतलं, तर तिचेच डोळे भरलेले.

फायनल जिंकून, मेडल पर्समध्ये टाकून ती संध्याकाळी थेट आमच्या घरी आली. "काका, बूट हिच्या मापाचे नव्हते. चूक माझी आहे. पोरीला एक वर्ष द्या ना."

बाबा म्हणाले, "उद्या किती वाजता पाठवू?"

पुढच्या रविवारी ताई तिच्या चर्चमागच्या घराघरांतून मुलांना लहान झालेले कॅनव्हासचे बूट मागत फिरली. चॅम्पियन बाई, हातात पिशवी घेऊन! पुढे कितीतरी वर्षं गरीब मुलींसाठी तिने हे चालू ठेवलं. स्वतःचं धावणं थांबल्यावरसुद्धा.

वर्षभराने माझी निवड झाली. त्यापुढे काही मोठी मजल मारली नाही मी... पण माझ्यासाठी कुणीतरी बाबांसमोर उभं राहिलं होतं, हे मला आजही पुरतंय. थँक यू, ताई.