डिंडोलीच्या भिंतीवरचे पाच हात

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या डिंडोलीच्या सोसायटीची भिंत बायका आणि क्वीअर मुलामुलींच्या एका गटानं रंगवली. लूमवर काम करणाऱ्या बायका काढल्यात, देखण्या! हा गट सही करत नाही. चित्र संपलं की प्रत्येकजण कोपऱ्यात आपला रंगीत पंजा उमटवतो. आज पाच पंजे उमटले.

सेक्रेटरी आले. “चित्र एकदम सरस! फक्त त्या काजलचा हात पुसा. लोक काय म्हणतील?”

काजल याच गटातली, ट्रान्स आहे. एवढाच तिचा अपराध.

गटातली वैशाली म्हणाली, “काका, कोणता तिचा ते दाखवा. लगेच पुसते.”

सेक्रेटरींनी चष्मा चढवून पाचही पंजे न्याहाळले. मी संस्कृत शिकवते. इतकं एकाग्र ध्यान मी ऋषींच्या वर्णनातही वाचलेलं नाही. ओळखता काही येईना. शेवटी चिडून त्यांनी पाचही पंज्यांवर चुना फासायला लावला.

काजल वैशालीला हळूच म्हणाली, “दीदी, माझ्यामुळे तुमचेपण गेले.”

चित्र मात्र ठेवलंय. त्यातल्या बायकांचे चेहरे काजलनंच रंगवलेत आणि सेक्रेटरी त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतायत. तिचं काम चालतं, मग तिचा हात का चालत नाही? सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हेच विचारणार आहे. माझ्या बाजूनं कोण बोलेल?