सुरत्याच्या बापाची जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर तोंडावर हसत आलो. आजही कुणी सुरू झालं की बायको डोळ्यांनी दटावते, गप्प बसा म्हणून. तेव्हा मी हे लिहितोय यावर घरच्यांचाच विश्वास बसणार नाही... आणि खरं सांगू? त्या प्रकारापेक्षा मला माझीच लाज जास्त वाटते.

गोष्ट साठ-एकसष्टची. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता, सगळं धुळ्यातच. मी लोणखेड्याच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिक होऊन धडगावकडे एका लाकूड-ठेकेदाराचा कारकून. दिवाळीनंतर नर्मदेतून बांबूचे तराफे खालच्या डेपोपर्यंत सोडायचे. सकाळी निघालं की दिवस मावळायच्या आत पोचायचं. वाटेत तीन खळाळ — पाणी खडकांतून पुरुषभर उंच उसळायचं. माझं तराफ्यावर काही काम नव्हतं. नुसती हौस! शहाद्याच्या मित्रांपुढे फुशारकी मारायला.

तराफा चालवणारा सुरत्या पावरा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. पुढे उभा राहून लांब बांबूने खडक चुकवायचा. मागच्या टोकाला दुसरा बांबू दोरीने बांधलेला, आणि त्याच्याजवळ हातभर जागा रिकामी. मी तिथे भाकरीचा डबा ठेवला.

"भाऊ, डबा उचल. ती जागा मन्हा बापनी शे."

त्याचा बाप याच नदीत तराफ्यावरून पडून बुडाला होता, प्रेतसुद्धा मिळालं नव्हतं. हे ठाऊक असून मी म्हणालो, "मग त्यालाही भूक लागेल की!" सुरत्याने डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

पहिला खळाळ मजेत गेला. दुसऱ्यात तराफा तिरपा झाला आणि माझी बोबडीच वळली. मी दोन्ही हातांनी सुरत्याच्या पायाला मिठी मारली.

"पाय सोड! भाऊ, मन्हा पाय सोड!"

नाही सोडला. तो बांबूसकट पाण्यात गेला, खडकावर आदळलेला मी पाहिला... आणि पालथा पडून डोळे मिटले.

मग मागून आवाज आला. ठक्. बांबू खडकावर टेकल्याचा. तराफा वळला. पुन्हा ठक्. तिसरा खळाळ सुरू झाला तेव्हा कशीबशी मान वळवली — कोणी नाही. बांबू होता तसाच बांधलेला. तरी ठक्... ठक्... एकही खडक न लागता तराफा अलगद डेपोच्या वाळूला लागला.

माणसं धावली. "एकट्याने आणला?"

"हो," मी म्हणालो.

"आणि सुरत्या?"

"प्यायला होता. तोल गेला."

जीभ झडली कशी नाही माझी! त्या माणसाने त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता.

मग मागचा बांबू पाहिला. दोरीच्या गाठी सकाळच्याच. पण सकाळी माझ्यासमोर तासलेलं टोक आता खडकांवर आपटून झाडूसारखं फाटलं होतं.

सुरत्या सापडला, जिवंत. पाय मात्र जन्माचा अधू झाला, आणि माझ्या त्या एका शब्दामुळे त्याला पुन्हा कुणी तराफा दिला नाही. महिनाभराने धडगावच्या बाजारात समोर आला. वाटलं, आता कानाखाली काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

"भाऊ, तिसरा खळाळ तुले कोणी पार करी दिधा?"

"मीच."

तो लंगडत आणखी जवळ आला. मग हळूच विचारलं, "बाप येल व्हता ना?"

पायाबद्दल चकार शब्द नाही. बस, एवढंच हवं होतं त्याला. आणि मी... मी "कामं आहेत" म्हणून निघून गेलो.

बांधलेला बांबू कोणी चालवला, मला आजही सांगता येत नाही. लॉजिक लावून थकलो. ज्याच्या पोराला मी पाण्यात ओढलं त्याने मला का वाचवावं, हे तर त्याहून कळत नाही.

सुरत्या गेल्याचं मागच्या वर्षी कळलं. बाजारात द्यायचं उत्तर इथे देतोय, उशिरा.

हो रे सुरत्या. आला होता तुझा बाप.