एनिडच्या भिंतीपासून एक मीटर

आल्विन थ्वेटला जन्मात कोणी लबाड म्हटलं नव्हतं. त्या मे महिन्यात तो शेजारणीला लोणी लावायला निघाला, तेही बिचाऱ्याला धड जमलं नाही.

तीस वर्षं शाळेचा बॉयलर सांभाळलेल्या या माणसाच्या घरच्याच बॉयलरने हिवाळ्यात मान टाकली. तेव्हा ठरलं, हीट पंप घ्यायचा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारी लहान कपाटाएवढी पेटी, परसात ठेवायची. मुलीने दोन वर्षांपूर्वी छापून दिलेला नियमांचा कागद त्याने ड्रॉवरमधून काढला. शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर सोडला तर परवानगी नको. आल्विनने टेप धरली. परस चिंचोळं, पेटी नेमकी रुबार्बच्या वाफ्यावर येत होती. ती आंबट लाल देठांची झाडं त्याच्या बापाने लावलेली. ऐन मेमध्ये उपटली तर जगणार नव्हती.

भिंतीला खेटून ठेवावी, तर काउन्सिलकडे अर्ज आला, दिव्याच्या खांबावर नोटीस आली आणि शेजाऱ्यांना हरकतीला रान मोकळं. भिंतीपलीकडे एनिड मेटकाफ. खांबावरची नोटीस वाचल्याशिवाय ही बाई दूध आणायला जात नसे. समोरच्यांच्या पोटमाळ्याच्या खिडकीवर तिने चार पानी हरकत धाडली होती.

आल्विन दर मंगळवारी तिचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवू लागला. तिचं कुंपण छाटलं. तिसऱ्या मंगळवारी रुबार्बची जुडी घेऊन दारात उभा राहिला.

"लग्नाची मागणी घालणार असशील तर आधीच सांगते," एनिड म्हणाली, "मला घोरणारा चालत नाही. घरांच्या मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं."

आल्विनचे कान लाल झाले. "पंप भिंतीलगत ठेवायचाय गं. मी अर्ज केला तर हरकत घेऊ नकोस. बाबांचा रुबार्ब वाचेल."

"कसला अर्ज? तो एक मीटरचा नियम केव्हाच काढून टाकलाय. आवाजाचा तेवढा आहे, तो पंप बसवणारा बघतो. कागदावरची तारीख वाचावी माणसाने."

"तुला हे कधीपासून ठाऊक?"

"वर्ष होत आलं."

"मग मी डबे उचलत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझं काय चाललंय ते मला काय ठाऊक? आणि डबा जड असतो रे."

जूनमध्ये पंप भिंतीलगत बसला. एनिड भिंतीवरून वाकून म्हणाली, "चालू कधी करणार?"

"सकाळपासून चालूच आहे."

ती जरा वेळ कान देऊन राहिली. "तुझ्यापेक्षा सभ्य आहे."

आल्विनने रुबार्बचं गरम पुडिंग तिला भिंतीवरूनच दिलं, वर कस्टर्ड ओतून. वाटी परत आली ती चाटूनपुसून. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. आल्विनने आपला डबा बाहेर नेला, दोन मिनिटं तिच्या फाटकाकडे बघितलं, आणि मग तिचाही नेला.