सतरा नंबरचा नमुना

नमुना क्रमांक सतरामध्ये रांगोळी होती. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही.

तेव्हा मी सातपूरला एका खासगी लॅबमध्ये ॲनालिस्ट होतो. विहिरीचं पाणी, खतं, कारखान्यांतले धातू तपासायचे आणि रिपोर्टवर सही करायची. गांगुर्डे मॅडम आल्या तेव्हा टेबलावर त्यांनी एक बिस्किटांचा डबा ठेवला. आत कापसात गुंडाळलेले मळकट पांढरे, जाळीदार तुकडे होते.

"पोवळं आहे," त्या म्हणाल्या. "अंगठीतलं नव्हे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं, जीवाश्म. यात स्ट्रॉन्शियम किती आणि कॅल्शियम किती, एवढंच सांगा."

"कशाला हवंय?"

"तेव्हाचा समुद्र किती गरम होता ते काढायचंय."

मी साठे साहेबांकडे पाहिलं. साठे साहेब लॅबचे मालक. ते म्हणाले, "वैद्य, मेलेल्याचा ताप मोजायचाय. घे काम."

प्रकार तसा सरळ होता. पोवळ्याचा किडा समुद्रातला चुना घेऊन घर बांधतो. बांधताना चुन्यातल्या कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियमही बसतं. पाणी गार असेल तर जास्त, गरम असेल तर कमी. किडा मेला तरी घर उरतं, आणि घरात हिशोब उरतो. फक्त त्या घरात नंतर पावसाचं पाणी मुरलेलं नको. मुरलं की चुन्याचा स्फटिक बदलतो, स्ट्रॉन्शियम निघून जातं, आणि आकडा खोटाच गरम येतो. असे तुकडे मॅडम आधीच बाद करायच्या. एका रसायनात टाकून बघायचं. चांगलं पोवळं काळं पडतं, बिघडलेलं पांढरं राहतं. प्रत्येक तुकड्यापुढे त्यांच्या वहीत 'काळा' असं लिहिलेलं असे.

मॅडम कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. वडील नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामगार. घराण्यात पीएच.डी. सोडाच, बी.एस्सी.सुद्धा पहिलीच. शनिवारी शहर बसने यायच्या, माझ्या शेजारी स्टुलावर बसून आकडे उतरवायच्या.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असे. साठे साहेबांचा नियम कडक होता: पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला किंवा ओट्यावरच्या कामाला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी मी सतरा नंबर खलून, बशीत काढून ओट्यावर ठेवला होता. नखाएवढा तुकडा, सगळाच खलला गेला होता. सकाळी रिसेप्शनच्या बाईंनी ओटाभर रांगोळी घातली. बशी त्यांनी जपून बाजूला सरकवली होती. त्यांची काही चूक नाही.

पूजा झाली, सगळे पेढे खायला बाहेर गेले. मी म्हटलं, निदान ही पूड ॲसिडमध्ये विरघळवून ठेवू, दोन दिवस वाचतील. बशी उचलताना ती बाहीला अडकून कलंडली. थेट रांगोळीत.

रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तीही चुन्याच्याच जातीची, पण स्ट्रॉन्शियम जवळजवळ नसलेली. पांढऱ्यावर पांढरं. मी वरवरची पूड चमच्याने उचलली आणि मनाला सांगितलं की वरचं तेवढंच घेतलंय. साहेबांना सांगायचं तर नियम मोडला हे सांगावं लागलं असतं. मॅडमना सांगायचं तर त्यांना पुन्हा किनारा गाठावा लागला असता. दोघांनाही सांगितलं नाही.

बाकीचे सगळे नमुने एका रांगेत आले. सतरा नंबर चार डिग्री गरम.

मॅडमचे पीएच.डी.चे गाइड पुण्याचे. तो आकडा पाहून त्यांनी कळवलं की मी स्वतः लॅब बघायला येतो. ते येण्याच्या आदल्या दिवशी मी सतराचं उरलेलं द्रावण काढून त्यातलं मॅग्नेशियम मोजलं. या पोवळ्यात ते नावाला असतं, आमच्या रांगोळीच्या दगडात भरपूर. काटा वर गेला. खात्री झाली. मी बाटली सिंकमध्ये ओतली आणि धुऊन पालथी घातली.

गाइड आले. मॅडमची वही त्यांनी दोन बोटांत धरली होती.

"हा तुकडा बिघडलेला आहे. इथे 'काळा' कसं लिहिलंय?"

"टेस्ट केली होती, सर. काळाच पडला होता."

"की घरी बसून सगळ्यांपुढे 'काळा' लिहून टाकलंत? तुम्हा लोकांना डिग्रीची फार घाई असते."

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. माझे वडील पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करायचे, मलाही कळलं होतं.

गाइड माझ्याकडे वळले. "लॅबमध्ये काही गडबड?"

"नाही सर."

"उरलेलं द्रावण?"

"आम्ही ठेवत नाही, सर. टाकून देतो."

"वैद्य साहेब खोटं सांगणार नाहीत, सर," मॅडम म्हणाल्या. "चूक असलीच तर माझ्याकडची असेल. पण टेस्ट मी केलीय."

गाइडनी प्रबंधावर सही केली नाही. एक नोंद खोटी म्हणजे वहीच खोटी, असं त्यांचं म्हणणं. साठे साहेबांनी त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "आपला रिपोर्ट टिकला, वैद्य." मॅडमनी पुढच्या वर्षी नाव काढून घेतलं. दुसरा गाइड मिळाला नाही. त्या अजून त्याच कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवतात.

दोन वर्षांपूर्वी त्या सीबीएस स्टँडवर भेटल्या. मुलांची चौकशी झाली. मग त्याच म्हणाल्या, "तो सतरा नंबर आठवतो का हो? मी पुष्कळ विचार केला. त्या दिवशी उन्हात चाळीस-एक तुकडे तपासले होते. तो एक न बघताच लिहिला असेन मी. तसंच असणार."

माझी बस लागली होती. मी चढलो.

नवीन मुलांना मी एवढंच शिकवतो की सांडलेला नमुना उचलायचा नाही आणि उरलेलं द्रावण फेकायचं नाही. का, ते सांगत नाही.

गांगुर्डे मॅडमना मी एक वाक्य देणं लागतो: तुकडा काळाच पडला होता, तुम्ही बघूनच लिहिलंत. ते त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.