भाऊची तिसरी मॅट्रिक

माझा मोठा भाऊ बुलढाण्याला एका सरकारी कचेरीत चपराशी होता. घरात सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही. सातवी पास होऊन तो नोकरीला लागला तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि कचेरीतल्या पाट्या हिंदी-इंग्रजीत होत्या. पुढे महाराष्ट्र झाला, पाट्या मराठीत आल्या, साहेब देशावरून येऊ लागले. भाऊच्या कामात फरक पडला नाही. साहेबांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसायचं, घंटी वाजली की उठायचं, फायली न्यायच्या, पाणी द्यायचं.

कचेरीत कारकुनाची एक जागा रिकामी होणार होती. चपराशी मॅट्रिक असेल तर त्याला तिथे घेता येई. पण वयाची अट होती, आणि भाऊ त्या अटीच्या टोकाला आला होता. साहेब त्याला म्हणाले, "यंदा पास हो. नाव मी पाठवतो." याआधी तो दोनदा बाहेरून परीक्षेला बसला होता. दोन्ही वेळा इंग्रजीत गेला. नापासांसाठी ऑक्टोबरात परीक्षा असे, पण तोवर वय निघून जाणार होतं. म्हणजे हीच शेवटची.

त्या वर्षी मीही बसलो. मी नववीत शाळा सोडून एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवत होतो. संध्याकाळी आम्ही दोघे भाऊच्या खोलीत अभ्यास करत असू. भाऊला इंग्रजी अगदीच येत नव्हतं असं नाही. अर्जंट, रिमाइंडर, कॉन्फिडेन्शिअल हे शब्द तो फायलींवर पाहून ओळखत असे. पण शब्दाला शब्द जोडून वाक्य करायचं म्हटलं की तो थांबे. म्हणून त्याने निबंध आणि पत्रं पाठ केली. चुलीजवळ बसलेली वहिनी ते ऐकत राही. मोताळ्याजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन ती थेट या खोलीत आली होती.

"बाबू झाल्यावर मले वळखसान ना?" ती एकदा म्हणाली.

"वळखीन. पण आधी अर्ज दे."

"कोनाले?"

"मलेच. मंग मी सायबाले दाखवीन, सायेब शेरा मारतीन, मंग भाकर वाढजो."

"अर्ज तुमीच लिहा. मराठीत लिहा मात्र, इंग्रजीत लिहसान त उपाशी राहसान."

भाऊ हसला आणि पुन्हा पाठ म्हणू लागला.

परीक्षेचं केंद्र बुलढाण्यातल्याच एका शाळेत होतं. आम्हा दोघांच्या खोल्या वेगळ्या आल्या. पहिल्या दिवशी भाऊने खाकी न घालता पांढरा सदरा घातला. वहिनीने तो आदल्या दिवशी निळीत बुडवून वाळवला होता. पहिले पेपर बरे गेले. पर्यवेक्षक वर्गात आले की भाऊ उभा राहतो आणि बस म्हटल्याशिवाय बसत नाही, एवढीच त्याच्या खोलीतल्या मुलांची करमणूक होती. तो त्यांच्यापेक्षा वयाने दुपटीने मोठा होता.

इंग्रजीच्या पेपरला मी त्याच्या खोलीत नव्हतो. पुढचा प्रसंग मला भाऊने, त्याच्या मागच्या बाकावरच्या उमेदवाराने आणि त्या खोलीच्या पर्यवेक्षकांनी सांगितला. तिघांचं सांगणं जुळतं.

पेपर अर्धा झाला होता. भाऊने पाठ केलेलं पत्र आलं होतं आणि ते लिहून त्याने निबंध सुरू केला होता. त्या दिवशी केंद्राच्या पाहणीसाठी जिल्ह्याचे काही अधिकारी पाठवले होते, त्यात भाऊचे साहेब होते. ते वर्गात आले. भाऊ उभा राहिला. पर्यवेक्षक मागच्या रांगेत पुरवण्या वाटत होते. साहेब त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली, समोरचा कागद उचलून वाचायला घेतला आणि मान वर न करता म्हणाले, "पाणी."

भाऊ बाकावरून निघाला. निघताना प्रश्नपत्रिका घडी करून वरच्या खिशात ठेवली. हातात कागद असताना पाणी आणायला सांगितलं तर कागद खिशात जातो, त्यावर पाणी सांडू नये म्हणून. कचेरीत तो रोज तेच करत असे. व्हरांड्याच्या टोकाला माठ होता. त्याने पेला विसळला, पुन्हा विसळला, भरला, वर तळहात झाकला आणि परत फिरला. तेव्हा समोरून केंद्रप्रमुख आले.

परीक्षा चालू असताना एक उमेदवार एकटा वर्गाबाहेर होता आणि त्याच्या खिशातून प्रश्नपत्रिकेचा कोपरा दिसत होता. प्रश्नपत्रिका बाहेर गेली की उत्तरं आत येतात, हे केंद्रप्रमुखांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "कुठे निघाला होतास? कोणी सोडलं?"

भाऊ भरलेला पेला धरून उभा राहिला.

त्याला शाळेच्या कचेरीत नेलं, उत्तरपत्रिका काढून घेतली, जबाब घेतला. जबाबात त्याने सांगितलं की तहान लागली म्हणून विचारल्याशिवाय पाणी प्यायला गेलो, प्रश्नपत्रिका चुकून खिशात राहिली. पर्यवेक्षकांनी साहेबांचा आवाज ऐकला होता. पण त्यांनीही साहेबांचं नाव न घेता लिहून दिलं की उमेदवार कधी बाहेर गेला ते दिसलं नाही. साहेब तोवर पाणी न पिताच पुढच्या खोलीत गेले होते.

पेपर संपल्यावर मी बाहेर आलो तेव्हा भाऊ फाटकापाशी उभा होता. त्याने सगळं सांगितलं. मी विचारलं, "सांगतलं काऊन नाही, सायबानं पाठवलं म्हणून?"

"सायबाचं नाव घेऊ?"

"मंग काय झालं?"

"अन् माहं नाव वर कोन पाठवनार हाय? तू?"

"पास व्हशीन तवा पाठवतीन ना."

"अर्धा पेपर त लिहेल हाय, तेवढ्यात पास व्हईन. पाहू. सायेब नाराज झाले त मंग पास होऊनबी काई नाही."

घरी वहिनीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन तुमी उठलेच काऊन? परीक्षा देऊन राह्यले होते का ड्यूटी करून राह्यले होते?"

"त्यायनं पानी म्हनलं, मी उठलो," भाऊ म्हणाला. "मधात काई इचारच नाही आला."

मी साहेबांकडे जातो म्हणालो. भाऊने जाऊ दिलं नाही. आपण एका उमेदवाराला पाणी आणायला पाठवलं हे साहेबांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. समोर नेहमीचा माणूस दिसला आणि नेहमीचा शब्द तोंडातून निघाला, इतकंच असण्याचा संभव जास्त आहे.

परीक्षा मंडळाकडून खुलासा मागवणारं पत्र आलं. भाऊने खुलासा माझ्याकडून लिहून घेतला. जबाबात होतं तेच त्यात होतं. मी खरं लिहू का म्हणून एकदा विचारलं. तो म्हणाला, जबाब बदलला तर खोटा ठरीन. ते बरोबर होतं. निकाल वर्तमानपत्रात आला तेव्हा माझा क्रमांक त्यात होता, भाऊचा नव्हता. त्याचा निकाल राखून ठेवला होता. पावसाळा संपता संपता तो रद्द झाल्याचं कळलं, आणि पुढच्या काही परीक्षांना बसायची बंदी. बंदी उठायच्या कितीतरी आधी त्याचं वय अटीबाहेर गेलं.

मॅट्रिकच्या जोरावर मी परगावच्या एका दैनिकात लागलो. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे जेवत होतो. कारकुनाच्या जागेवर त्या दिवशी नवा माणूस हजर झाला होता. भाऊने सांगितलं की साहेबांनी त्याला आत बोलावून विचारलं, "अरे, तुझ्या परीक्षेचं काय झालं?"

"राह्यलं जी," भाऊ म्हणाला होता.

"पुन्हा इंग्रजीच का?"

"हो जी."

"जरा लक्ष द्यायला हवं होतं. मी नाव पाठवणार होतो."

वहिनीचा हात भाकरीवर थांबला. "मंग तुमी काय म्हनलं?"

"काय म्हनतो? हो जी म्हनलं."