धारेच्या बाजूची रेघ

तोगाशी कमी बोलतो, असं आमच्या गावात सगळे कौतुकानं सांगतात. "काय शांत माणूस! त्याच्या तोंडात तीळच काय, अख्खं पोतं भिजेल." मला या कौतुकाचा संताप येतो. का येतो ते सांगते, पण आधी माणूस सांगते.

तोगाशी म्यानं करतो. तलवारी नाही, नुसती म्यानं. बाहेरगावचा कोणी हौशी त्याच्या दुकानात शिरला आणि त्याला हे कळलं की त्याचा चेहरा असा पडतो, जसं काही लग्नाला आला आणि मांडववालाच भेटला. दुकान माझ्या सोब्याच्या, म्हणजे शेवयांच्या, खानावळीला लागून. माझा नवरा आणि तो एकाच वर्षी यहागी गुरुजींच्या तलवारीच्या तालमीत दाखल झाले होते. नवरा गेल्यावर घरात बसून काय करायचं म्हणून मीही जाऊ लागले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तो मला वहिनी म्हणतो. मी त्याला तोगाशीच म्हणते, मानलेला दीर असला तरी लायकी बघून हाक मारावी.

बाविसाव्या वर्षी तोही हौशीच होता. टीव्हीवरचे काळे कपडे घालून फिरणारे तलवारबाज बघून आला होता. पहिला हिवाळा गुरुजींनी त्याच्याकडून तालमीसमोरचा बर्फ उपसून घेतला आणि रोज दीड तास गुडघ्यांवर बसवलं. शेवटी हा म्हणाला, "गुरुजी, तलवार कधी मिळणार?" गुरुजी तेव्हा पोस्टात कारकून होते, बोलणं एकदम शिक्का मारल्यासारखं. म्हणाले, "तलवारीचं काय घेऊन बसलास? डावा हात दाखव."

कारण आमच्या विद्येत उजवा हात नुसता मिरवतो. तलवार उपसताना डाव्या हातानं म्यान मागे खेचायचं असतं, कमरेसकट. ते खेचलं नाही तर धार म्यानाला आतून घासते. एकदा घासली तर काही होत नाही. हजारदा घासली की लाकूड पापडासारखं पातळ होतं, आणि त्या लाकडाभोवती बाहेरून तुमचीच बोटं गुंडाळलेली असतात. नव्या माणसाला वाटतं, तलवारीची भीती समोरच्याला.

तोगाशीला त्या डाव्या हातानंच धरलं म्हणा ना. तलवारीचं वेड उतरलं आणि म्यानाचं चढलं. एका म्हाताऱ्या कारागिराकडे नऊ वर्षं राबला. कवठी चाफ्याच्या जातीचं लाकूड, दोन फाळ्या, आतून कोरायच्या आणि भाताच्या खळीनं चिकटवायच्या. भाताच्याच, कारण पुढं कधीतरी बांबूची पाचर मारून त्या उघडाव्या लागतात. उघडल्या की तोगाशीला सगळं दिसतं. कोण रागात उपसतो, कोण आरशासमोर उपसतो, कोणाचा खांदा दुखतो. आणि त्यांच्या धंद्याचा नियम असा, की दिसलेलं फक्त मालकाला सांगायचं, दुसऱ्या कोणालाही नाही. एकदा आमच्या नगराध्यक्षाचं म्यान त्यानं उघडलं होतं. मी आठवडाभर खोदून खोदून विचारलं, पठ्ठ्यानं नुसती भुवई उडवली.

तालमीत दर वसंतात सात-आठ नवे यायचे आणि पावसाळ्यापर्यंत एखादा उरायचा. एकजण पहिल्याच दिवशी काळा पोशाख शिवून, कपाळाला फडकं बांधून आला होता. त्याला जमीन पुसायला ओलं फडकं दिलं. चौथ्या दिवशी तो पोशाख इंटरनेटवर विकायला होता, असं मला कोणीतरी दाखवलं. हसू नये, पण हसले.

चिआकी ओबा मात्र टिकली. एकतीस वर्षांची, सेंदाई शहरात केस कापायची, तिथलं काहीतरी बिनसलं म्हणून गावी परत आली आणि स्टेशनजवळच्या सलूनमध्ये लागली. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुला गं कशाला हवंय हे?" तर म्हणाली, "काकू, एका वारात सगळं संपतं असं काहीतरी हवंय मला." मी म्हटलं, "बाई, इथं एका वारात फक्त गुडघे संपतात." तिचे गुडघे निळे झाले, मग सोलले, मग त्यांना घट्टे पडले. एक गुरुवार चुकवला नाही पोरीनं. मला ती आवडायची, हे सांगून टाकते.

ती आली त्याच्या पुढच्या वर्षीची शरदातली गोष्ट. गुरुजी पंचाहत्तरीचे झाले होते. त्यांच्या म्यानाचं तोंड सैल झालं म्हणून त्यांनी ते तोगाशीकडे दिलं. मी दुपारी अळकुड्यांचं कालवण घेऊन दुकानात गेले, तर तोगाशी दोन उघड्या फाळ्या समोर ठेवून बसलेला. सात वर्षांपूर्वी तेच म्यान त्यानं उघडलं होतं, तेव्हा आतून वाटीसारखं स्वच्छ होतं. आता धारेच्या बाजूला एक रेघ होती. तोंडापासून चार बोटांवर सुरू होऊन वीतभर गेलेली, तिरपी. मी बोट फिरवलं, नख अडकलं.

"खुबा," तोगाशी धंद्याचा नियम पहिल्यांदाच मोडून म्हणाला. "डावा खुबा वळत नाही त्यांचा. म्यान मागं जातच नाही, नुसता खांदा वर जातो."

"मग सांग त्यांना."

"कसं सांगू?"

"कसं म्हणजे? तोंडानं! मालकाला सांगायचा नियम आहे ना तुमचा?"

"वहिनी, त्यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बोथट तलवार घ्या आणि पोरांबरोबर खेळा? पन्नास वर्षांनी?" त्यानं कालवणाचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "आणि नाही सांगितलं तर दोन-तीन वर्षांत त्यांचा हात जाईल."

तेव्हा आम्हा दोघांना एवढाच प्रश्न दिसत होता, गुरुजींचा हात वाचवायचा की गुरुजींचा मान. तोगाशीनं तिसरा रस्ता काढला. नवं म्यान केलं. भिंत जाड, आणि आत धारेच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची वीतभर पट्टी बसवली, बाहेरून कोणाला पत्ता लागणार नाही अशी. कितीही घासा, धार आरपार जाणार नाही. वर काळं रोगण. जुन्या फाळ्या फडताळात ठेवल्या. "तोंड फारच गेलं होतं, नवंच केलं," असं गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी दोन्ही हातांनी घेतलं, वाकून आभार मानले, संपलं.

आणि मी काय म्हणाले माहिती आहे? "शाबास तोगाशी." जीभ झडायला हवी होती माझी.

आमच्याकडे समजावून सांगत नाहीत. गुरुजी करतात, तुम्ही बघता, तसंच करता. नव्या माणसाला वाटतं काही गुपित असेल, मंत्र असेल. काही नसतं, दहा हजार वेळा नक्कल असते. चिआकी तर त्या नकलेत बुडाली. गुरुजींच्या मागं डावीकडं उभी राहायची आणि डोळे त्यांच्यावरून काढायची नाही. गुरुजींना उपसण्याआधी बारीक खोकायची सवय, तर हीही खोकायला लागली. आम्ही पोट धरून हसायचो. "अगं, खोकल्याची परीक्षा नसते," मी म्हणायचे.

एकदा तिचा खांदा बघून मी म्हटलं, "खांदा खाली घे गं."

"काकू, गुरुजींचा पण वर जातो ना?"

तो का वर जातो ते मला ठाऊक होतं. अख्ख्या तालमीत मला आणि तोगाशीला, दोघांनाच. मी म्हटलं, "हं." आणि माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.

चार वर्षं पूर्ण झाल्यावर गुरुजींनी तिला खरी धारेची तलवार वापरायची परवानगी दिली. तिनं घेतली, चांगली होती, म्यान तिच्याबरोबरच आलेलं. साधं, आत पट्टी नसलेलं. तोगाशीनं त्याचं तोंड थोडं घट्ट करून दिलं. चांगलं म्यान विनाकारण कोणी उघडत नाही. मी नंतर त्याला विचारलं, तिच्याकडे कधी नीट बघितलंस का रे? म्हणाला, "नाही वहिनी. मी इतकी वर्षं फक्त गुरुजींचा हात बघत होतो."

पुढच्या फेब्रुवारीतला गुरुवार. बाहेर कमरेएवढा बर्फ, आत रॉकेलची शेगडी, आम्ही अकराजण. आडवा वार चालला होता, त्यात उपसताना म्यान आडवं फिरवतात, म्हणजे धार तळव्याकडे येते. चिआकी खोकली, उपसली. वाळका बांबू फुटावा तसा आवाज आला. मी वळले तर तिची तलवार अगदी जिथं थांबायला हवी तिथं थांबलेली होती. डावा हात कमरेशी, मूठ अजून मिटलेली. तिनं खाली बघितलं. मग जमिनीच्या फळ्यांवर रक्त पडायला लागलं, आणि ती पोरगी म्हणते काय, "माफ करा, जमीन खराब झाली."

गुरुजींनी आपला कमरपट्टा सोडून तिचं मनगट आवळलं. दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीच्या आतल्या दोऱ्या तळव्यातच तुटल्या होत्या. डॉक्टरांनी जोडल्या, पण स्पष्ट सांगितलं की पूर्वीसारखी वळणार नाहीत. केस कापणाऱ्या बाईचा डावा हात म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. कात्री उजव्यात असते, पण केसांची बट त्याच दोन बोटांत धरतात.

दुसऱ्या दिवशी मी आणि तोगाशी भेटायला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले, पण आम्हाला बघून हसली. "चूक कुठं झाली तेच कळत नाही," म्हणाली. "काकू, खरं सांगते, काल पहिल्यांदा अगदी गुरुजींसारखी निघाली होती."

दुकानात परतल्यावर तोगाशीनं तिचं म्यान उघडायला घेतलं. फुटलेलंच होतं, पाचरीची गरजही फारशी लागली नाही. मग फडताळातून गुरुजींच्या जुन्या फाळ्या काढल्या आणि शेजारी ठेवल्या. तोंडापासून चार बोटं, वीतभर, तोच तिरपेपणा. त्यासाठी कारागीर असावं लागत नाही, माझ्या खानावळीतल्या गिऱ्हाइकालाही दिसलं असतं. मला तिथंच भडभडून आलं. तोगाशी म्हणाला, "चला." मी म्हटलं, "आता? आता बोलायचं आठवलं तुला?" तरी गेले.

गुरुजी घरी शेगडीवर हात धरून बसले होते. तोगाशीनं चारही फाळ्या त्यांच्यासमोर मांडल्या, कपाळ चटईला टेकवलं आणि सगळं सांगितलं. रेघ, शिंगाची पट्टी, खोटं. एका दमात. मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

गुरुजींनी फाळ्या उचलल्या, उजेडाकडे धरल्या. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

तोगाशीनं मान वर केली.

"पहिल्याच दिवशी हाताला जड लागलं ते म्यान. म्हटलं, तोगाशीनं काहीतरी बघितलंय आणि काहीतरी घातलंय." त्यांनी फाळ्या खाली ठेवल्या. "मग म्हटलं, थांबायची वेळ झाली असती तर तोगाशी बोलला असता. तो बोलला नाही, म्हणजे अजून आहे थोडं. मी रोज तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो."

मला राहवलं नाही. गुरुजींसमोर आवाज चढवायचा नसतो, पण चढवला. "तुम्ही याची वाट बघत होतात, हा तुमचा मान राखत होता, मी याला शाबास म्हणत होते! आणि त्या पोरीच्या हाताची वाट कोण बघत होतं?"

गुरुजींची बायको आतून चहा घेऊन आली, आम्हाला बघितलं आणि तशीच परत गेली. त्या दिवसानंतर गुरुजी तालमीत आले नाहीत. तालमीला कुलूप अजून आहे.

चिआकीला सांगायचंच, असं तोगाशीनं ठरवलं. मी म्हटलं, "कशाला? आता काय उपयोग?" तो म्हणाला, "मालकाला सांगायचा नियम आहे." एप्रिलमध्ये गेलो. सलूनच्या मालकिणीनं तिला काढलं नव्हतं, फोन घ्यायला आणि वेळा लिहायला बसवलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तोगाशीनं तिथं, केस विंचरायच्या खुर्च्यांमध्ये, जमिनीवर बसून माफी मागितली आणि सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

मला वाटलं, निदान एवढ्यानं तरी तिला बरं वाटेल. पण तिचा चेहरा उतरतच गेला. दवाखान्यात, टाके काढताना, आमच्यासमोर ती रडली नव्हती. आता डोळ्यांत पाणी आलं.

"पाच वर्षं, काकू. गुडघे सोलून घेतले. एक गुरुवार सोडला नाही. मला वाटायचं, येतंय, हळूहळू येतंय." तिनं तोगाशीकडे बघितलं. "मग मी शिकले ते काय होतं?"

मी मनात म्हटलं, बाबा, एवढ्या वेळी गप्प बस, तुझा जन्मच त्यात गेलाय. पण तो बोलला.

"गुरुजींचा दुखरा खुबा," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं उजव्या हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि रिसीव्हर उचलला. "हो, शनिवारी अकराला आहे ना जागा. नाही हो, चिआकी आता केस कापत नाही. दुसरी आहे, तीही छान कापते."