काकूंना मी एकोणिसाव्या पानावर वाचवलं

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि घरी जा. तुम्हाला गंमत वाटेल, पण त्या शनिवारची आठवण झाली की मी अजून दाराजवळची खुर्ची शोधतो.

मी टायपिस्ट. नववीत शाळा सोडली ती मास्तरांच्या लाल पेनाच्या भीतीनं. आता पंचवटीत दिनूभाऊंच्या दुकानात मराठी टायपिंग करतो. दुकान रामकुंडाजवळ, त्यामुळे लग्नपत्रिका कमी आणि दशक्रियेची कार्डं जास्त. दिवसभर माझ्या बोटांखाली कुणाचं ना कुणाचं 'दुःखद निधन' होत असतं. सवय होते म्हणतात. मला नाही झाली. प्रत्येक कार्डाला मी मनात हात जोडतो.

आमचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे देवरे सर. कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आता निवृत्त. सकाळी अर्थशास्त्रावर लेख लिहितात आणि दुपारी कथा. दोन्ही एकाच फाउंटन पेनानं, एकाच कडक अक्षरात. बोलणंही तसंच. एकदा माझ्याकडून 'खूप' हा शब्द चुकून दोनदा टाईप झाला. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "मागणी नसताना पुरवठा का वाढवलास?" मी दोन दिवस नीट जेवलो नाही!

सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सरांच्या अगदी उलट. माहेर सटाण्याकडचं. मी कागद घेऊन गेलो की दारातूनच अहिराणीत, "ये भाऊ, बठ. कसा शे?" आणि हातावर शेंगदाण्याचा लाडू. सरांसमोर माझ्या घशाला कोरड पडलेली, लाडू उतरायचा नाही. मग काकूच पाणी द्यायच्या.

मी तोवर सरांचे फक्त लेख टाईप केले होते. कळायचं काहीच नाही, पण एक बरं होतं. अर्थशास्त्रात कुणी मरत नाही. मग एका सोमवारी सरांनी पहिल्यांदा कथा दिली. शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांना ती वाचायची होती.

"हिचं गुरुवारी पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. मी त्या गडबडीत असेन," सर म्हणाले. "जसं आहे तसं टाईप करायचं. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

"हो सर."

कथेत एक म्हातारे प्राध्यापक आणि त्यांची बायको. बायको येईल त्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवते. म्हटलं, अरे, या तर आपल्या काकू! अठरा पानं मजेत टाईप केली. एकोणिसाव्या पानावर ती बाई सकाळी तुळशीला पाणी घालताना कोसळते. आणि मरते!

माझी बोटं थांबली.

आता तुम्हीच सांगा, गुरुवारी ऑपरेशन आणि मंगळवारी मी माझ्या हातानं काकूंना मारायचं? आई लहानपणापासून काय सांगायची? वाईट बोलू नये रे, वास्तू तथास्तु म्हणते. नुसतं बोललं तर तथास्तु, मग टाईप केल्यावर? तेही दशक्रियेच्या कार्डांवर तयार झालेल्या या हातानं?

दिनूभाऊ पलीकडे कार्डं कापत होते. मी हळूच विचारलं, "भाऊ, जिवंत माणसाला मेला असं टाईप केलं तर काय होतं?"

त्यांना वाटलं, मी कुठल्या तरी कार्डात घोळ घातला. "काय होतं? लय वाईट होतं! मागं एका कार्डावर मयताच्या जागी त्याच्या जावयाचं नाव गेलं. जावई आठ दिवसांत काविळीनं आडवा!"

"गेला?"

"गेला नाय. पण बरा झाल्या झाल्या दुकानात येऊन मला असा धुतला ना... कुणाचं नाव गेलंय? बोल पटकन!"

"कुणाचंच नाही भाऊ." पण माझ्या डोक्यात एकच. कावीळ! पित्ताशय आणि कावीळ शेजारीशेजारीच राहतात ना?

मी एक वाक्य घातलं. 'पण देवाच्या कृपेने त्या वाचल्या.' बस, एकच वाक्य! ऑपरेशन नीट झालं की काढून टाकायचं आणि सरांचं होतं तसं करायचं, असा माझा बेत.

पण एक टाका उसवला की बाकीचे थांबतात का? विसाव्या पानावर अंगणात बांबू आणलेले. बाई जिवंत, मग बांबू कशाला? मी लिहिलं, मांडवासाठी. मांडव कशाचा? पुतणीच्या लग्नाचा. कथेत पुतणीच नव्हती. आणली! ओट्यावर माणसं रडत होती. म्हटलं, पाठवणी आहे, रडू देत.

घाम फुटला तो पंचविसाव्या पानावर. प्राध्यापक नदीकाठी पिंड ठेवून बसलेत आणि कावळा शिवत नाही. काय लिहिलं होतं हो सरांनी! टाईप करताना डोळे भरून मला कॉम्प्युटरचा पडदा दिसेना. हे काढायची माझी छाती झाली नाही. कावळा ठेवला. फक्त पिंडाच्या जागी बायकोनं डब्यात दिलेला भात केला. मग कावळा शिवत का नाही? मीठ जास्त पडलं असेल!

बुधवारी टायपिंग संपलं. गुरुवारी सुट्टी टाकून वणीला गेलो, गडावर. देवीला म्हटलं, कागदावर मी वाचवलंय, दवाखान्यातलं तू बघ.

आणि ऑपरेशन उत्तम झालं! शुक्रवारी शीळ घालत दुकानात शिरलो. "भाऊ, सरांचं हस्तलिखित कुठंय?"

"काल दिलं ना. प्रिंट काढली, हस्तलिखित जोडलं, दवाखान्यात सरांच्या हातात देऊन आलो. तू नव्हता म्हणून काय काम अडतं का?"

मी स्टुलावर बसलो. कॉम्प्युटरमध्ये आता फक्त माझी कथा होती. सरांची एकमेव प्रत सरांकडे.

एकच आशा होती. सर प्रत्येक ओळ लाल पेनानं तपासतात. त्यांना घरीच सापडलं तर मला एकट्याला झाडतील, नोकरी जाईल, पण सभेत त्यांचं हसू तरी होणार नाही. दिवसभर फोनची वाट बघितली. नाही आला. शनिवारी सकाळी देवाचं नाव घेऊन सरांच्या घरी गेलो. काकू नुकत्याच घरी आलेल्या, पलंगावर उशीला टेकून बसलेल्या.

"ये सागर," सर चक्क हसले. "आयुष्यात पहिल्यांदा न तपासता वाचणार आहे. तुझ्यासारखा विश्वासू माणूस नाही."

"सर, ते..."

"काय?"

चष्म्यावरून ते दोन डोळे!

"...काकू बऱ्या आहेत ना?"

"एकदम बरी शे मी," काकूच म्हणाल्या. "संध्याकाळी कथा ऐकायला पण येणारे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

मी लाडू न घेता पळालो.

संध्याकाळी हॉल भरलेला. मी शेवटच्या रांगेत, दाराला लागून. काकू शाल पांघरून पहिल्या रांगेत. सर वाचायला लागले, तसा मी मनात पानं मोजत होतो. सतरा. अठरा.

"...आणि ती तुळशीपाशी कोसळली," सर वाचत होते. "पण देवाच्या कृपेने त्या..."

सर थांबले. पान जवळ घेतलं, लांब धरलं, उलटून मागे बघितलं. आता काय सांगू तुम्हाला, तेवढ्या वेळात माझं सगळं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. पण सर जन्मभर वर्गावर उभे राहिलेले. खोकले आणि पुढे वाचायला लागले.

बांबू आले तेव्हा लोक एकमेकांकडे बघू लागले. पुतणी आली तेव्हा कुणीतरी खुदकन हसलं. आणि मग सर, दगडासारखा चेहरा करून, त्यांच्या त्या गंभीर आवाजात:

"'तुझ्यामागे मी सगळं सांभाळीन,' प्राध्यापक भाताकडे बघत म्हणाले. तरी कावळा शिवेना. मीठ जास्त पडलं होतं."

हशानं हॉल कोसळला! माणसं खुर्च्यांवरून घसरत होती. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "सरांनी शेवटी विनोदी कथा लिहिली!" मी दाराबाहेर एक पाय टाकलाच होता.

"सागर! इकडे ये." सरांचा आवाज.

गेलो. कसा गेलो ते विचारू नका.

"हे कोणी केलं?"

"मी सर." आणि मग सगळं बाहेर आलं. लाडू, तुळस, ऑपरेशन, वास्तू, कावीळ. "काकूंना मारायला हात होईना सर."

काकू पोटावर हात दाबून हसायला लागल्या. "अगं आई गं, टाके! अरे वेड्या, अकरा कथांमध्ये मारलंय मला यांनी. एकदा विहिरीत ढकललं, एकदा साप चावला. काय झालं मला? दर कथेला दोन किलोनं वाढले! चाळीस वर्षांत वाचवलं ते तू एकट्यानं."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि ते निघून गेले.

रविवार कसा काढला ते माझं मला माहीत. सोमवारी सर स्वतः दुकानात हजर! दिनूभाऊ उभे राहिले, मी तर केव्हाच. सरांनी माझ्यापुढे कागद ठेवले.

"नवी कथा. यात एक भित्रा टायपिस्ट आहे, नववीत शाळा सोडलेला. सातव्या पानावर सकाळी कामाला येताना द्वारकेच्या चौकात ट्रकखाली जातो."

"सर... हा मी आहे?"

"छे! काल्पनिक आहे. आणि या वेळी एक अक्षर बदललंस तर बघ."

हिंमत होती का माझी? काकूंसाठी पुतणीचं लग्न लावून दिलं, स्वतःसाठी साधा ट्रकचा ब्रेक लावता आला नाही. माझ्याच बोटांनी मी मला ट्रकखाली घातलं. सरांनी तपासलं. लाल पेनाची एकही खूण नाही, खाली फक्त 'उत्तम'. शाळेत कधी मिळालं नव्हतं ते इथे मेल्यावर मिळालं.

मी राहतो अंबडला. द्वारकेवरून दुकानाला सरळ रस्ता आहे, पण महिना झाला, मी गंगापूर रोडनं वळसा घालून येतो. उशीर होतो, बोलणी खातो. काल तर दिनूभाऊ फोनवर ओरडलेच, "अरे, दुकान उघडून तास झाला, कुठं मेलास?"

"भाऊ," मी रस्त्याच्या कडेला सायकल टाकून हात जोडले, "हवं तर नोकरीवरून काढा, पण तेवढा शब्द मागं घ्या!"